'माय पेन राय' म्हणाल्या, म्हणजे विसरल्या असं नाही

ताई,

मी मूळचा चिंचवडचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या थायलंडमधल्या रयाँगच्या प्लँटवर दोन वर्षांपासून आहे. आमचे अकाउंट्सचे हेड ट्रान्सजेंडर आहेत. वय ४३, कंपनीत १४ वर्षं. सगळे त्यांना 'पी' म्हणतात (थाईत मोठ्या भावंडाला म्हणतात तसं), म्हणून मीही तेच म्हणतो. कामात एक नंबर. मी नवीन होतो तेव्हा घर, बँक, मुलाची शाळा, सगळं त्यांनी लावून दिलं. ईशान्य थायलंडमध्ये, इसानला, गावी आईवडिलांना घर बांधून दिलंय, दर महिन्याला पैसे पाठवतात.

डिसेंबरात पुण्याहून माझे चार मित्र आले. त्यांना पट्टायाला जायचं होतं. मी ऑफिसात सगळ्यांसमोर सहज म्हणालो, 'पी, तुमच्या लोकांच्या शोची चांगली तिकिटं काढून द्या ना, तुमची ओळख असेल.' तो हसला, 'माय पेन राय' (काही हरकत नाही) म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत तिकिटं आणून दिली. पण तेव्हापासून कामापुरतंच बोलणं. आम्ही दुपारी एकत्र जेवायचो, तेही बंद झालं.

आता सप्टेंबरात ते तीन महिने पुण्याच्या ऑफिसला नव्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी येणार आहेत. पासपोर्टवर 'मिस्टर' आहे, म्हणून ॲडमिनने गेस्ट हाउसमध्ये एका इंजिनिअरबरोबर (पुरुष) खोली दिली. मी कुरकुर केली तर मलाच विचारतात, 'ऑपरेशन झालंय का ते सांग, मग बघू.' टीमच्या ग्रुपवर आत्तापासून विनोद सुरू आहेत. आईला सांगितलं तर ती म्हणते, गणपतीत जेवायला आण, अशा माणसांचा आशीर्वाद लागतो. माझ्या बहिणीला मूल होत नाहीये, तिच्या डोक्यावर हात ठेवायला सांगू, साडी देऊ. आईच्या मनात वाईट काही नाही, पण मला ऐकून कसंतरी झालं.

मला कळत नाही, थायलंडमध्ये तर हे सगळं मान्यच आहे ना? मग एवढ्याशा बोलण्याचं ती मनाला का लावून घेईल? आणि आता मी काय करू?

र., रयाँग

प्रिय र.,

आधी खोलीचं बघू, कारण तेवढंच खरं घाईचं आहे. आजच ॲडमिनला फोन करा आणि पींसाठी स्वतंत्र खोली मागा. गेस्ट हाउसमध्ये नसेल तर जवळच्या हॉटेलात. कारण विचारलं तर सांगा, 'त्या अकाउंट्सच्या प्रमुख आहेत, बाई आहेत, तीन महिने राहायच्या आहेत.' पुन्हा ऑपरेशनचा विषय निघाला तर म्हणा, 'ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.' त्या दुसऱ्या इंजिनिअरला खोली देताना त्याच्या शरीराची चौकशी कुणी केली होती का?

शिवाय त्या प्रश्नाचा आणि पासपोर्टचा काहीएक संबंध नाही, हे तुमच्या ॲडमिनला माहीत नसणार. थायलंडमध्ये प्रत्येकाच्या नावाआधी सरकारी शब्द लागतो. पुरुषाला 'नाय', लग्न न झालेल्या बाईला 'नांगसाव', लग्न झालेलीला 'नांग'. ओळखपत्रावर तो असतो, पासपोर्टवर त्याचंच 'मिस्टर' होतं. पहिलं नाव तिथे तालुक्याच्या कचेरीत जाऊन बदलता येतं, थाई लोक ते सर्रास बदलतातही. हा शब्द मात्र ट्रान्स माणसाला बदलून मिळत नाही. शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, वीस वर्षं बाई म्हणून जगलेली असो, 'नाय' तो 'नाय'च. लग्न झालेल्या बाईने 'नांग' लावायचं की 'नांगसाव' हे तिने स्वतः ठरवावं, असा कायदा २००८ साली झाला. ट्रान्स व्यक्तींनाही आपला शब्द ठरवता यावा म्हणून आलेलं विधेयक २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेने फेटाळलं.

त्यातही मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. थायलंडमध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया १९७५ साली झाली आणि तिथले शल्यचिकित्सक आज या कामासाठी जगभर नावाजलेले आहेत. परदेशातून माणसं येतात, शस्त्रक्रिया करून घेतात, आपल्या देशी परत जातात, आणि ज्यांच्या देशात सोय आहे ती कागद बदलून मोकळी होतात. शेजारच्या खाटेवरची थाई बाई बरी होऊन घरी जाते ती 'नाय' म्हणूनच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सात वर्षं बँकॉकमध्ये काढली. तिथे थाई शिकले, मोडकंतोडकं का होईना. एकदा ताप उतरेना म्हणून एका सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारच्या खुर्चीवर तिशीची एक बाई. कुठल्यातरी दुकानाचा निळा गणवेश, केस मागे घट्ट बांधलेले, बोटाला बर्फाच्या चहाची प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. माझा कागद उलटा आहे हे तिनेच मला दाखवलं. थोड्या वेळाने माइकवरून नाव आलं. आधी 'नाय', मग नाव, मग आडनाव. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं, या वेळी जोरात. तिने पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि खाली बघत चालत गेली. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. कुणी हसलं नाही, कुणी शब्द काढला नाही. सगळ्यांनी फक्त मान वर करून पाहिलं. परत आल्यावर ती माझ्या शेजारी बसली नाही. दोन ओळी मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. चहाची पिशवी तशीच खुर्चीखाली राहिली. मी ती उचलून नेऊन द्यायला हवी होती, हे मला घरी आल्यावर सुचलं.

तुम्ही विचारता ना, 'तिथे तर मान्यच आहे'? त्या हॉलमध्ये तिला कुणीही वाईट म्हणालं नाही. तुमच्या पींच्या आयुष्यात असे हॉल किती आले असतील ते मोजायचं म्हटलं तर माझा जीव दडपतो.

एक हॉल तर ठरलेला. थायलंडमध्ये एकविसाव्या वर्षी 'नाय' असलेल्या बहुतेक सगळ्यांना लष्करभरतीला हजर व्हावं लागतं. एप्रिल महिना, कडक ऊन, एखाद्या शाळेचं नाहीतर कचेरीचं आवार. पेटीत हात घालून चिठ्ठी काढायची. लाल आली तर भरती, काळी आली तर सुटका. ट्रान्स मुलीही त्या रांगेत असतात, कारण कागद तसं म्हणतो. डॉक्टर त्यांना तपासतात, बहुतेकींना सूट मिळते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतात ते त्यांचेच. सुटकेचा कागद मिळतो तो जन्मभर जपावा लागतो, कारण नोकरी मागायला गेलं की 'नाय आहात ना, मग लष्कराचा कागद दाखवा' असं होतं. तुमच्या पी ४३ वर्षांच्या, म्हणजे त्यांची ही पाळी वीस-बावीस वर्षांपूर्वी आली असणार. त्या काळी अशा कागदांवर सुटकेचं कारण 'कायमचा मानसिक विकार' असं लिहीत. एका ट्रान्स स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २०११ साली प्रशासकीय न्यायालयाने तो शेरा बेकायदा ठरवला, तेव्हा शब्द बदलले. त्याआधी किती जणींनी तो कागद हातात घेऊन मुलाखती दिल्या असतील. अकाउंट्सची पदवी एका हातात आणि 'मानसिक विकार' दुसऱ्या हातात. जागतिक बँकेने २०१८ साली थायलंडमधल्या समलिंगी, ट्रान्स अशा लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ट्रान्स व्यक्तींपैकी ७७ टक्क्यांनी सांगितलं की आम्ही जे आहोत त्यामुळे आम्हाला नोकरी नाकारली गेली. विद्यापीठही याला अपवाद नाही. केट ख्रांगफिबून या ट्रान्स स्त्रीची बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठात समाजकार्याच्या अध्यापक म्हणून निवड झाली, पण नेमणूक अडवण्यात आली. त्या कोर्टात गेल्या आणि २०१८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आज त्या शिकवतात.

आता हे मनात ठेवून तुमच्या पींकडे बघा. एकाच कंपनीत १४ वर्षं. त्या टेबलापर्यंत पोचायला त्यांना काय काय ओलांडावं लागलं असेल, याचा अंदाज तुम्हाला डिसेंबरात नव्हता. आता आहे.

म्हणून ती तिकिटं. पट्टायाचा टिफनी शो, ट्रान्स कलाकारांचा नाचगाण्यांचा कार्यक्रम, १९७४ पासून चालू आहे, त्यात काम करणाऱ्या बायका मेहनतीने पोट भरतात. दुसरीकडे दारं बंद होती तेव्हा त्या रंगमंचाने अनेकींना पगार दिला, मान दिला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. शो बघायला जाण्यात काही चूक नाही. चूक 'तुमच्या लोकांच्या' या दोन शब्दांत आहे. तुम्हाला घर शोधून देणारी, तुमच्या मुलाच्या शाळेचे थाई फॉर्म भरून देणारी, कंपनीचा ताळेबंद सांभाळणारी बाई तुम्ही एका वाक्यात उचलून पट्टायाच्या रंगमंचावर नेऊन ठेवली. आणि तेही त्यांच्या हाताखालच्या माणसांसमोर. थायलंडमध्ये ट्रान्स बाई म्हटलं की पाहणाऱ्याच्या मनात तीन-चारच चित्रं येतात. शोमधली नर्तकी, सौंदर्यस्पर्धेची राणी, टीव्ही मालिकेत चिरक्या आवाजात हसवणारी मैत्रीण, रात्रीच्या रस्त्यावर उभी असलेली. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी, भाताच्या खाचरात राबणारी, शाळेत गणित शिकवणारी, सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवर रात्रपाळी करणारी बाई समोर उभी असली तरी दिसत नाही. तुम्हाला तर ती रोज डब्याला सोबत असायची, र. तुम्हाला ती दिसायला हवी होती.

'माय पेन राय'चा अर्थ आपण 'काही हरकत नाही' असा लावतो. शब्द तसेच आहेत. पण थाई माणसाला समोरच्याला चारचौघांत अवघडवणं फार जड जातं, त्याला ते 'क्रेंग जाय' म्हणतात. आपल्याकडच्या भिडेच्या जवळचं, पण त्याहून खोल. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं आणि त्यांनी तुम्हाला खाली पाहू दिलं नाही. तिकिटंही काढून दिली. मग डब्याची जागा बदलली. एवढंच त्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि ते पुरेसं स्पष्ट होतं.

माफी मागा. सगळ्यांसमोर नको, त्याने त्यांना पुन्हा सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतील. एकटं गाठा, दोन मिनिटं पुरे. थाईमध्ये माफी मागतात तेव्हा 'खो थोत' म्हणतात. 'खो' म्हणजे मागणं, आणि 'थोत' म्हणजे आपल्या संस्कृतमधला 'दोष'. दोष मागून घ्यायचा, आपल्याकडे. 'डिसेंबरात मी तिकिटांबद्दल बोललो ते चुकीचं होतं, मला माफ करा,' एवढंच म्हणा. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे जोडू नका, मग त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. त्या कदाचित पुन्हा 'माय पेन राय' म्हणतील. म्हणू द्या. डब्याला परत बोलावतील की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

तुमच्या पत्रात मला आणखी एक गोष्ट खटकली. पहिल्या परिच्छेदात पी 'ते' आहेत, तिकिटं काढून देताना 'तो' झाल्या आणि शेवटी 'ती'. यावर रागवत नाही, कारण यात आपल्या भाषेचाही हात आहे. थाई क्रियापदाला लिंग नसतं. 'आला' आणि 'आली' एकच. 'पी' हा शब्द ताईलाही आणि दादालाही. म्हणजे दोन वर्षं रयाँगला तुम्हाला काही ठरवावंच लागलं नाही. मराठीत मात्र प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. पण त्यांनी ते तुम्हाला सांगितलेलं आहे, आणि रोज सांगतात. थाईमध्ये बोलणारा आपलं लिंग वाक्याच्या शेवटी ठेवतो. पुरुष 'ख्रप' म्हणतो, बाई 'खा'. तुमच्या पी 'गुड मॉर्निंग'च्या मागे काय लावतात? फोन ठेवताना काय म्हणतात? दिवसातून चाळीस वेळा 'खा' म्हणणाऱ्या बाईने तुम्हाला चाळीस वेळा उत्तर दिलंय. मराठीत त्याचं भाषांतर 'त्या'. आल्या, बसल्या, म्हणाल्या. पुण्याची सगळी टीम तुमच्या तोंडून जे ऐकेल तेच उचलेल, म्हणून हे आत्ताच बसवा, अगदी घरी बायकोशी बोलतानासुद्धा.

थाईमध्ये बाई, पुरुष या भेदाला जो शब्द आहे, 'फेत', तो संस्कृत 'वेष'पासून आला आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले होते.

'कथोय' हा शब्द तुमच्या कानावर आलाच असेल. ट्रान्स बाईसाठीचा जुना शब्द आहे, शेजारच्या कंबोडियाच्या ख्मेर भाषेतही आहे. काही जणी स्वतःला तो अभिमानाने लावतात, मैत्रिणी मैत्रिणींना लाडाने म्हणतात, आणि तोच शब्द रस्त्यात कुणी मागून ओरडला तर शिवी होते. कुणी 'साव प्राफेत सोंग' म्हणतात, दुसऱ्या प्रकारची स्त्री. कुणी 'फू यिंग खाम फेत', लिंगभेद ओलांडून आलेली स्त्री. पुष्कळ जणी नुसतं 'फू यिंग', बाई. यातला कुठला शब्द पींचा आहे हे त्या सांगतील तर सांगतील. इंग्रजीतला 'लेडीबॉय' पर्यटकांचा आहे, तो तुमच्या ग्रुपवर दिसला तर तिथल्या तिथे थांबवा. लांबलचक भाषण नको. 'त्या आपल्या सीनिअर आहेत, हे इथे नको' असं तुमच्या नावाने लिहा आणि गप्प बसा. विनोद करणाऱ्यापेक्षा न हसणारे जास्त असतात, त्यांना कुणीतरी आधी बोलायला हवं असतं.

प्रवासाच्या बारीकसारीक गोष्टी आत्ताच बघा. तिकीट पासपोर्टबरहुकूम काढावं लागेल, व्हिसाही. त्याला इलाज नाही. मुंबई विमानतळावर अधिकारी फोटोकडे, 'मिस्टर'कडे आणि समोरच्या बाईकडे आळीपाळीने बघू शकतो. कंपनीच्या लेटरहेडवर त्यांचं पद आणि कामाचं कारण लिहिलेलं पत्र त्यांच्या पर्समध्ये असू द्या, आणि त्या बाहेर येईपर्यंत फोन उचलणारं माणूस विमानतळावर ठेवा. विमानतळावर आणि तुमच्या पुण्याच्या प्लँटच्या गेटवरही बायकांची तपासणी पडद्याआड होते. तुम्ही ती कधी पाहिली नसेल, त्यांना ती पहिल्याच सकाळी लागेल. सिक्युरिटीच्या महिला गार्डला आधी सांगून ठेवा की अमुक तारखेला थायलंडहून एक मॅडम येणार आहेत. हॉटेलवाल्याला परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत सरकारकडे करावी लागते, त्यासाठी तो पासपोर्ट मागणारच. मॅनेजरशी आधी बोलून घ्या, म्हणजे काउंटरवरचा मुलगा मोठ्याने 'मिस्टर' वाचणार नाही. बाथरूमचं म्हणाल तर लेडीज, यात विचारण्यासारखं काही नाही. आणि हे सगळं ठरवण्याआधी पींना एकदा विचारा: 'तिथे पोचल्यावर अमुक अमुक होईल, तुम्हाला कसं केलेलं चालेल?' त्यांनी असे प्रवास केले असतील, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

'मान्यच आहे ना'कडे पुन्हा येते, कारण तो प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारलाय. आपल्या मानाने तिथे काही गोष्टी खरंच मोकळ्या आहेत. मुलगी होऊन कॉलेजात जाणाऱ्या पोराला घर सोडावं लागेलच असं नाही. इसानमध्ये एका सरकारी शाळेने २००८ साली अशा मुलांसाठी वेगळं स्वच्छतागृह केलं. भेदभावाविरुद्ध २०१५ साली कायदा झाला, जरी धर्म आणि राष्ट्रीय सुरक्षा या नावाखाली त्यात पळवाटा ठेवल्या. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे कुठल्याही दोन प्रौढ माणसांना लग्न नोंदवता येतं. त्याआधी एखादी ट्रान्स बाई आणि तिचा नवरा वीस वर्षं एकत्र राहिले तरी कागदावर दोघेही 'नाय' म्हणून कचेरी त्यांना परत पाठवायची. पण मोकळीक आणि बरोबरी एक नाही. पुष्कळ थाई लोक मनापासून मानतात की मागच्या जन्मी कुणाचा तरी संसार मोडला म्हणून या जन्मी असा जन्म आला. त्यामुळे ते क्रूर वागत नाहीत, कणव करतात. गेल्या जन्मीच्या पापाचं फळ म्हणून ज्याच्यावर दया येते, त्याला बँकेचा मॅनेजर करायला मन धजत नाही. आणि मुलगा काही काळ तरी भिक्खू झाला की त्याच्या चीवराचं टोक धरून आईबाप स्वर्गाला जातात, अशी तिथली जुनी श्रद्धा. मुलगी झालेल्या मुलाने ते पुण्य कसं द्यायचं? काहींनी आईसाठी केस उतरवून चीवर घातलंही आहे. बाकीच्या पैसे पाठवतात. घर बांधून देतात. आईवडिलांचं ऋण जाणणाऱ्याला थाईमध्ये 'कतन्यू' म्हणतात, पालीतून आलेला शब्द, आपला 'कृतज्ञ'. इसानमधल्या त्या घराकडे तुम्ही कौतुकाने पाहिलंत, ते योग्यच. ते घर बांधताना पींच्या मनात काय चाललं असेल तेही थोडं जाणून असा.

राहिली तुमची आई. मला त्या माउलीबद्दल माया वाटते. ऑफिस विनोद करत असताना पान मांडायचा विचार करणारी तीच एकटी आहे. आपल्याकडे तृतीयपंथीयांच्या आशीर्वादावर लोकांची श्रद्धा आहे, तिने ती तिच्या आईकडून घेतली असणार. थायलंडच्या उत्तरेला, चियांग माईकडे, ज्यांच्या अंगात येतं अशा माणसांमध्ये कथोय बऱ्याच असतात, म्हणजे तिथेही हा धागा अगदी परका नाही. पण पी इसानच्या बौद्ध घरातल्या, हिशेबात आयुष्य गेलेल्या बाई आहेत. परक्या घरी पहिल्यांदा जेवायला बसल्यावर कुणी अनोळखी मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं तर त्या ठेवतील, 'क्रेंग जाय' आहेच. आणि मग तुमच्या पुढे पुन्हा एक रिकामी खुर्ची. शिवाय तुमच्या बहिणीला कुणी विचारलंय का? मूल होत नाही हे दुःख तिचं आहे. पाहुण्यांसमोर ते ताटात वाढलेलं तिला चालेल का? त्या दिवशी दोघी अवघडून बसतील आणि दोघी हसतील.

आईला हे समजावून सांगा, पण तिचा हात आखडता करू नका. साडी द्यायची तर जरूर द्या, जशी तुमच्या बायकोच्या मैत्रिणीला दिली असती तशी. निघताना हळदीकुंकू लावा. आईला फक्त एवढं सांगा की हात मध्येच थांबू देऊ नको. पींनाही आधी कल्पना द्या की आमच्याकडे घरी आलेल्या बाईला कपाळाला असं लावतात. आणि गणपतीची ओळख करून द्यायची तुम्हाला गरज पडणार नाही. तो तिथे 'फ्रा फिखनेत' आहे, म्हणजे विघ्नेश. बँकॉकमध्ये त्याच्यापुढे केळी, ऊस आणि दूध ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. तुमच्या आईने आरतीचं तबक हातात दिलं तर पी गोंधळणार नाहीत, मोदकाचं मात्र विचारतील.

या रविवारी आईशी बोलाल तेव्हा विषय असा काढा: 'आई, माझ्या ऑफिसातल्या एक बाई गणपतीत आपल्याकडे जेवायला येणार आहेत.' आई लगेच विचारेल, त्या काय खातात, काय नाही. ते पींना विचारून ठेवा.